ढब्बूच्या नाकाची वही, जून ते नोव्हेंबर २०२५

८ जून, रविवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. आमचा ससा ढब्बू चार वर्षांचा आहे आणि गेले चौदा महिने शिंकतोय. औषध सुरू केलं की आठ दिवस बरा, बंद केलं की परत नाक वाहायला लागतं, आणि दर वेळी मला वाटतं की या खेपेला तरी जाईल आता. काल सशांचं खरंच जाणणाऱ्या एक डॉक्टर मॅडम सापडल्या, आमच्यापासून पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण सापडल्या. त्यांनी विचारलं दिवसाला शिंका किती, एका नाकपुडीतून वाहतं की दोन्ही, शेंबूड पाण्यासारखा की पांढरा, झोपेत श्वास किती, आणि माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी आपली "जास्त आहे", "जरा कमी वाटतंय" एवढंच सांगत होते. त्या म्हणाल्या, आठवडाभर मोजून आणा मग बोलू.

तर मोजायचं असं. झोपलेला असताना कुशीची हालचाल बघून मिनिटाचे श्वास (सशाचे आरामात असताना ३० ते ६० चालतात). संध्याकाळी खेळायला सोडला की पहिल्या पंधरा मिनिटांतल्या शिंका. रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. लेंड्या किती आणि केवढ्या. पुढच्या पंजांची आतली बाजू, कारण नाक तो तिथेच पुसतो, त्यामुळे नाक कोरडं दिसलं तरी पंजे खोटं बोलत नाहीत.

आजचं: श्वास ५४, शिंका १९, वजन १.७८ किलो, पंजे चिकट, केसांचे गठ्ठे झालेत.

११ जून, बुधवार

श्वास ५२, शिंका २२.

आधीचा इतिहास एकदा लिहून ठेवते. तो आठ महिन्यांचा असताना आणला, तोपर्यंत त्याला पेलेट (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि गाजरावरच वाढवलं होतं, गवत जवळपास नाहीच. पहिल्यांदा शिंकायला लागला तेव्हा घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे कुत्र्या-मांजरांचंच काम जास्त, त्यांनी अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी लेंड्या पातळ आणि खाणं बंद. मला तेव्हा माहीतच नव्हतं की हे औषध सशाला तोंडावाटे देत नाहीत, पोटातले कामाचे जिवाणू मरतात आणि नको ते माजतात. तो वाचला हे नशीब. त्यानंतर दुसऱ्या दोन ठिकाणी वेगवेगळी औषधं, प्रत्येक वेळी पाच-सात दिवसांची, नाकातला स्वॅब मात्र कुणी घेतला नाही. मीही मागितला नाही, कारण असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट आज दिसली. चिंगी (त्याची जोडीदार, तिला कसलाच त्रास नाही) त्याचं तोंड चाटते ते रोजचंच, पण ती डावा डोळाच चाटते. तीन दिवस लक्ष ठेवलंय, सात वेळा चाटलं त्यात सहा वेळा डावा. हात लावून बघितलं तर डाव्या डोळ्याखालचे केस ओलसर, उजवीकडचे कोरडे खडखडीत. चिंगी ते चाटून साफ करते म्हणून मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. लिहून ठेवलंय, मॅडमना सांगायचं.

१५ जून, रविवार

आठवड्याचा कागद घेऊन गेले. शिंका १७ ते २४ च्या मध्ये, श्वास ५० च्या पुढे मागे, दोन्ही नाकपुड्या वाहतात पण डावी जास्त. डाव्या डोळ्याचं ऐकलं आणि मॅडम लगेच म्हणाल्या, मग स्वॅबबरोबर डोक्याचा एक्स-रे पण काढू.

कारण असं की डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी जी बारीक नळी असते ती सशाच्या वरच्या दातांच्या मुळांना अगदी खेटून जाते. सशाला दात २८ आणि सगळे आयुष्यभर वाढत राहतात, गवत चावून चावून झिजले नाहीत तर वरून तर वाढतातच पण मुळंही उलटी आत सरकतात आणि ती नळी दाबतात. मग पाणी तुंबतं, जंतू साठतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्दी आहे.

हलकी गुंगी देऊन करणार आहेत. उपाशी ठेवायचं नाही म्हणाल्या, सशाला उलटी होतच नाही त्यामुळे त्या भीतीने उपाशी ठेवायची गरज नाही, उलट पोट थांबलं तर तो मोठा धोका. गवताची पिशवी आणि चिंगी दोन्ही सोबत आणा, असं सांगितलंय.

१७ जून, मंगळवार

झालं. स्वॅब अगदी आतून घेतला, वरवरचा घेतला तर नुसते इकडचे तिकडचे जंतू येतात. एक्स-रेत डावीकडच्या वरच्या पुढच्या दाताचं मूळ लांबलेलं स्पष्ट दिसतंय, मलासुद्धा दिसलं. छाती स्वच्छ आहे, फुप्फुसात काही नाही, हे ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले.

घरी येऊन दीड तासाने त्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली. लेंड्या रात्री साडेनऊला.

२२ जून, रविवार

स्वॅबच्या कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघतात त्याचा, रिपोर्ट आला. जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लागू पडतंय, सहा आठवडे तरी द्यायचं, मध्ये बरा दिसला म्हणून थांबवायचं नाही. डोस इथे लिहीत नाही, तो वजनावर ठरतो आणि कुणी वाचून आपल्या सशाला दिला तर पंचाईत. औषध कडू आहे, नखाएवढ्या पिकल्या केळ्यात कालवलं की घेतो.

मॅडमनी एक सरळ सांगितलं, हा जंतू बहुतेक पूर्ण जाणार नाही. कित्येक सशांच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो, चिंगीच्याही असेल, म्हणून दोघांना वेगळं करून उपयोग नाही, उलट एकटा पडला तर ताणाने जास्त आजारी पडेल. आपलं काम त्याला डोकं वर काढू न देणं. त्यासाठी औषध हा एक भाग, दुसरा भाग घरातली हवा.

घरातली हवा म्हटल्यावर मला जरा रागच आला, कारण मी रोज त्याचा लघवी-लेंड्यांचा ट्रे साफ करते. तरी आज दुपारी एक केलं. फरशीवर पालथी पडले आणि ट्रेच्या कोपऱ्यात, जिथे तो तासन् तास बसतो, तिथे नाक नेलं. उभं राहून काहीच वास येत नाही, पण तिथे डोळे चुरचुरले. खरंच चुरचुरले, पाणी आलं. तो अमोनिया. ट्रेला तीन बाजूंनी उंच भिंती आहेत आणि मागे पलंग, त्यामुळे हवा फिरतच नाही आणि तो त्यात नाक घालून बसलेला. नाकाच्या आतलं अस्तर आणि त्यावरची घाण बाहेर ढकलणारी बारीक लव, दोन्हीची त्याने वाट लागते, मग जंतूंना रान मोकळं. चौदा महिने मी पाच फुटांवरून वास घेत होते.

२३ जून, सोमवार

ट्रे बदलला. जुन्यात वखारीतून आणलेला भुसा घालत होते, तो बंद, त्याची धूळ उडते आणि चीडचं लाकूड असेल तर त्याचा उग्र दर्पही नाकाला वाईट. आता खाली वर्तमानपत्राचे चार थर, वर दाबलेल्या लाकडी गोळ्यांचा पातळ थर, वर गवत. भिंती बुटक्या. पलंगाखालून काढून खिडकीजवळ, पण थेट पंख्याच्या झोतात नाही. बदलायचं दिवसातून दोनदा. सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं त्यामुळे ट्रेच्या तळाला चुन्यासारखा पांढरा थर धरतो आणि वास त्यातच मुरतो, फिनेलने तो निघत नाही आणि फिनेल नकोच. व्हिनेगर ओतलं, फसफसलं, दहा मिनिटांनी ब्रशने निघालं, मग साध्या पाण्याने धुऊन उन्हात. ऊन म्हणजे जे काय मिळालं ते, यंदा पाऊस मे मध्येच येऊन बसलाय.

२९ जून, रविवार

शिंका १३. श्वास ४८. वजन १.७९.

नेब्युलायझर आणला, माणसांचाच, कंप्रेसरवाला. औषध नाही, नुसतं सलाइन, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. आतला घट्ट शेंबूड ओला होऊन सुटतो एवढंच काम. मुखवटा लावून घेणं शक्यच नाही म्हणून मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला एका बाजूला नळीपुरतं भोक, आणि झाकण थोडं सरकवून ठेवायचं म्हणजे हवा राहील.

मी घाई केली नाही, आणि हे कुणी करणार असेल तर त्यांनीही करू नये असं मला मनापासून वाटतं. घाबरलेला ससा जोरजोरात श्वास घेतो, म्हणजे ज्यासाठी करतोय त्याच्याच उलट. पहिले दोन दिवस नुसता डबा खोलीत, आत कोथिंबीर. तिसऱ्या दिवशी मशीन बाजूच्या खोलीत सुरू. चौथ्या दिवशी मशीन जवळ, पण खाली गोधडीची चौपदरी घडी, आवाज निम्मा होतो. आज पहिल्यांदा वाफारा सोडला, चिंगीलाही आत बसवलं, दोघं एकमेकांना टेकून बसले. सहाव्या मिनिटाला त्याने लागोपाठ चार शिंका दिल्या आणि डब्याच्या भिंतीवर पांढरा लांबसा थेंब येऊन चिकटला. ओल्या कापसाने नाक पुसलं. त्यानंतर जो श्वास होता तो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, म्हणजे ऐकूच आला नाही. एरवी स्ट्रॉने तळाचं सरबत ओढल्यासारखा बारीक घुर्र आवाज असतो.

६ जुलै, रविवार, आषाढी

शिंका ९. वजन १.८१.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, घरात ८४ टक्के दाखवतंय. पन्नासच्या आसपास हवी. संध्याकाळी दोन तास एसी ड्राय मोडवर, ६३ पर्यंत उतरते. बिल येईल ते बघू.

गवताचं मोठं काम झालं. गोणीत खालच्या बाजूला हात घातला तर दमट आणि कुबट, नीट बघितलं तर करडी बुरशी. सगळं टाकून दिलं. आता थोडं थोडं आणायचं, कापडी पिशवीत, जमिनीपासून वर टांगून, आणि घालायच्या आधी बाल्कनीत मूठ मूठ झटकायचं, झटकताना उजेडात बघितलं तर केवढी धूळ उडते ते दिसतं. कुणीतरी सुचवलं होतं पाणी शिंपडून द्या म्हणजे धूळ बसेल. बसते, पण या हवेत संध्याकाळपर्यंत वास धरतं, म्हणून शिंपडलेलं असेल ते चार तासांत उचलायचं. गवत कमी मात्र करायचं नाही, दाताचं मूळ तेवढ्यानेच आटोक्यात राहणार. पेलेट दिवसाला दोन चमचे, बस. ओळखीच्या शेतावरून हराळी येते ती पंच्याने कोरडी करून.

१३ जुलै

शिंका ७. पंजे जवळजवळ कोरडे. वजन १.८३.

१९ जुलै, शनिवार (रात्रीचं दुसऱ्या दिवशी लिहितेय)

संध्याकाळी सातला गल्लीत डासांच्या धुराची गाडी येऊन गेली. मी ऑफिसमधून निघाले नव्हते, खिडकी उघडी होती. घरी आले तेव्हा खोलीत अजून तो रॉकेलसारखा वास.

साडेदहाला ढब्बू कोपऱ्यात बसलेला, मान वर ताणलेली, नाक छताकडे, पुढचे पाय अंगापासून फाकलेले. आणि तोंड उघडं. सशाच्या घशाची रचनाच अशी असते की तो नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घ्यायला लागला म्हणजे नाक पूर्ण बंद झालंय आणि आता त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. ओठ बघितले, निळसर. श्वास मोजायला गेले, ऐंशीला आकडा चुकला.

मॅडमनी फोनवर जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतेय. तोंडात काही घालायचं नाही, पाणी नाही, औषध नाही, श्वासनलिकेत जाईल. उताणा करायचा नाही, छातीशी घट्ट धरायचा नाही. वाफारा आत्ता घरी देत बसायचं नाही, निघायचं. त्याला न्यायच्या पेटीत टॉवेल, दार जाळीचं, गाडीत एसी, आणि बोलायचं सुद्धा हळू. अविनाश चालवत होता, मी मागे पेटीवर हात ठेवून बसले होते, हातही आत घातला नाही.

ऑक्सिजनच्या पेटीत चाळीस मिनिटं. मग वाफारा, मग मॅडमनी सक्शनने दोन्ही नाकपुड्यांतून जे काढलं ते पिठल्यासारखं घट्ट होतं. सशाचा पू पातळ होतच नाही, म्हणून आपोआप वाहून जाईल अशी वाट बघण्यात अर्थ नसतो. पहाटे तीनला तोंड मिटलं. धुरानेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण आदल्या दिवशी शिंका ६ होत्या.

२१ जुलै

खाणं निम्म्यावर. श्वास ५० ला आल्यावरच मॅडमनी सिरिंजने गवताच्या पावडरीची पेज द्यायला सांगितली, दर तीन तासांनी थोडी थोडी. बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडी थांबतात, मग नाक राहतं बाजूला. रात्री दोनच्या पेजेनंतर त्याने माझ्या मनगटावर हनुवटी घासली.

सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बोलले, धुराची गाडी यायची असेल तर वॉचमनकाका आदल्या दिवशी फोन करणार. पहिल्या मजल्यावर एका आजोबांना दमा आहे, त्यांच्या सूनबाई म्हणाल्या आम्हालाही कळवा.

३ ऑगस्ट, रविवार

सहा आठवडे झाले, पण जुलैच्या प्रकारामुळे औषध अजून दोन आठवडे वाढवलंय. शिंका ५, श्वास ४४, वजन १.८२. डावा डोळा मात्र तसाच ओला, चिंगीचं काम चालू.

१६ ऑगस्ट, शनिवार

डोळ्याची नळी धुतली. डोळ्यात बधिर करायचे थेंब, सशाला खालच्या पापणीत आतल्या बाजूला एकच बारीक छिद्र असतं, त्यातून पातळ नळीने सलाइन सोडायचं. पहिल्यांदा दाबलं तर पाणी परत डोळ्यातूनच आलं. मॅडम थांबल्या, परत हळूच, परत. चौथ्या वेळेला डाव्या नाकपुडीतून पांढरी शेवयीसारखी गुठळी बाहेर आली आणि तिच्यामागून पाणी, आधी दुधाळ, मग स्वच्छ. केवढीशी नळी ती, त्यात हे इतके महिने बसलं होतं.

मूळ काही मागे जाणार नाही. नळी परत तुंबू शकते, तीन आठवड्यांनी पुन्हा धुवायची.

अँटिबायोटिक आजपासून बंद. मला भीती वाटतेय, मॅडम म्हणाल्या वही आहे ना, रोज बघा, सलग तीन दिवस दुप्पट झालं तर फोन करा, एका दिवसाने घाबरायचं नाही.

१७ ते २४ ऑगस्ट

शिंका: ४, ५, ८, ७, ९, ६, ५, ५.

९ शिंका झाल्या त्या दिवशी माझा हात फोनवर होता.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणपती बसले

याचं मला महिनाभर टेन्शन होतं. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, उदबत्ती, धूप, कापूर, आणि सासूबाईंना हे सांगायचं कसं. शेवटी परवा भाजी निवडताना विषय काढला, "अहो आई, धुराचं जरा..." एवढंच म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मी कधीच ठरवलंय, समईच ठेवायची. कापूर बाल्कनीत लावू, आरती तिथे ओवाळू आणि आत आणू. देवाला त्याचा जीव माहीत नाही का?" मला बोलताच येईना. जुलैच्या त्या रात्री त्या जाग्या होत्या हे मला माहीत नव्हतं, आम्ही परत येईपर्यंत त्या हॉलमध्ये बसून होत्या.

ढब्बूची खोली पाच दिवस बंद, दाराखालच्या फटीत ओला पंचा. शिंका ४. निवडलेल्या दूर्वांतल्या उरलेल्या त्यालाच.

७ सप्टेंबर

दुसऱ्यांदा नळी धुतली, पाणी पहिल्या झटक्यात नाकातून आलं. शिंका ३, श्वास ४२, वजन १.८८. चिंगी आता दोन्ही डोळे चाटते, कधी कान.

१२ ऑक्टोबर, रविवार

महिनाभर फारसं लिहिलं नाही, कारण शिंकांचे आकडे ३ आणि ५ च्या मध्येच. पण या आठवड्यात ११. नवीन काय झालं ते शोधलं तर दोन गोष्टी, त्याचे केस गळतायत आणि आम्ही दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावरची जळमटं झटकली त्या दिवशी तो दोन खोल्या सोडून होता तरी. उरलेली सफाई ओल्या फडक्याने, केस रोज बाल्कनीत विंचरायचे. वाफारा एकदावर आणला होता तो परत दोनदा.

१५ ऑक्टोबर

६. खाली आलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सहालाच खिडक्या बंद, एसी फक्त आतली हवा फिरवणारा, आणि खोलीत एअर प्युरिफायर, मैत्रिणीने आठवड्यासाठी दिलाय. चकल्या, अनारसे तिच्याच घरी जाऊन तळले, तळणीचा धूर घरात नकोच. रांगोळी जिन्यात काढली. आवाजासाठी त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर रजई घातली, दोन्ही बाजूंनी हवेला जागा ठेवून. साडेआठला फटाके टिपेला होते तेव्हा मी फरशीवर झोपून श्वास मोजले, ५६. दहाला ५०. मध्यरात्रीनंतर ४४.

ऑक्सिजनचा छोटा डबा कोपऱ्यात तयार ठेवला होता, मॅडमनी वापरायचं शिकवून ठेवलंय. लागला नाही.

९ नोव्हेंबर

दातांची तपासणी झाली, मूळ जूनमध्ये होतं तेवढंच आहे, वाढलेलं नाही. दर दोन महिन्यांनी दाखवायचं. सकाळची थंडी सुरू झाली, वाफाऱ्यानंतर नाक आणि छाती पूर्ण कोरडी केल्याशिवाय डब्याबाहेर सोडायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

श्वास ४०, शिंका ३, वजन १.९२, पंजे कोरडे, आतले केस सुटे आणि पांढरे झालेत, इतके की आज दोन्ही पंजे धरून अविनाशला दाखवले. दोनशे पानी वही संपली. दुसरी कालच आणून ठेवलीय, पहिल्या पानावर रकाने आखून झाले.